घराजवळ बंदर येणार म्हणतात, तेव्हा नेमके काय येणार असते?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या दाटीत, एखाद्या सकाळी बारीक अक्षरांची एक चौकट येते. तिच्यात प्रस्तावित बंदर प्रकल्पाचे लांबलचक नाव असते, ‘वार्षिक क्षमता इतके दशलक्ष टन’ असा आकडा असतो, ‘परिणाम मूल्यांकनाचा मसुदा अमुक कार्यालयात पाहावयास मिळेल’ असे एक वाक्य असते आणि शेवटी जनसुनावणीची तारीख, वेळ व जागा असते. ज्याचे घर त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे त्याला ही चौकट पहिल्या वाचनात उमगत नाही, आणि उमगेपर्यंत मुदत संपत आलेली असते. गोव्यातील वास्को आणि मुरगावच्या रहिवाशांना ती नवी नाही. गेल्या दशकात बेतूलजवळ उपबंदर उभारण्याचा प्रस्ताव चर्चेत आला, तेव्हा नाकेरी-बेतूलच्या पठारावरच्या आणि साळ नदीच्या मुखावरच्या लोकांपुढेही तेच प्रश्न उभे राहिले: येणार काय, ठरवणार कोण, आणि आपण बोललो तर ते कुठे नोंदले जाणार?

बंदर धक्क्यावर संपत नाही

बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धक्का, क्रेन आणि लागलेले जहाज येते. प्रत्यक्षात औद्योगिक बंदर ही एक साखळी असते. तिचे एक टोक खोल समुद्रात असते आणि दुसरे टोक, गोव्याच्या बाबतीत, घाटापलीकडे असते. मुरगावात उतरणाऱ्या कोळशाचा मोठा हिस्सा कर्नाटकातील पोलाद कारखान्यांना जातो. तो जाण्याचा रस्ता वास्कोहून माजोर्डा, मडगाव, चांदर, सावर्डे, कुळे असा कॅसलरॉकपर्यंत चढतो. त्यामुळे धक्का वास्कोला वाढला तरी त्याचा भार चांदरच्या जुन्या घरांच्या भिंतींवर येतो.

आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो, म्हणून तो एकदा घरगुती हिशेबात मांडून पाहावा. समजा, एका प्रकल्पाची क्षमता वर्षाला ५० लाख टन आहे. म्हणजे दिवसाला सुमारे १३,७०० टन. मालगाडीच्या एका वाघिणीत साधारण ६० टन माल मावतो आणि एका गाडीला ५८ वाघिणी जोडल्या तर जवळपास ३,५०० टन होतात. याचा अर्थ रोज चार भरलेल्या गाड्या आणि परतणाऱ्या चार रिकाम्या गाड्या, वर्षाचे ३६५ दिवस, आज धावणाऱ्या गाड्यांच्या वर. हाच माल दहा टनी टिपरने न्यायचा ठरला तर रोज तेराशेहून अधिक फेऱ्या होतात. खाणींच्या दिवसांत सावर्डे-कुडचडेच्या रस्त्यांवर टिपरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे चित्र वेगळे रंगवून सांगावे लागणार नाही. जाहिरातीतला ‘दशलक्ष टन’ हा शब्द वाचताना हा भागाकार प्रत्येकाने स्वतः करावा, असा माझा आग्रह आहे, कारण अहवालाच्या सारांशात तो आयता सापडेलच असे नाही.

समुद्राचा तळ खरवडला की काय होते

ओहोटीला नदीत पाणी कमी असले की फेरीबोट रॅम्पपासून दूर थांबते, हे आपण पाहिले आहे. जहाजाचेही तसेच असते. जहाज जितके मोठे तितका त्याचा अधिक भाग पाण्याखाली असतो. ‘केपसाइझ’ नावाने ओळखली जाणारी मालवाहू जहाजे दीड लाख टनांहून अधिक माल वाहतात आणि भरलेल्या अवस्थेत त्यांना सुमारे १८ मीटर पाणी लागते. मुरगावचा प्रवेशमार्ग १४ मीटरच्या आसपास खोल असल्याने, अशी जहाजे धक्क्यापर्यंत आणण्यासाठी तो जवळजवळ २० मीटरपर्यंत खोल करण्याचा प्रकल्प पुढे आला. तळ असा खरवडून गाळ, वाळू आणि प्रसंगी खडक काढण्याच्या कामाला ड्रेजिंग म्हणतात.

ओल्या वाळूत खड्डा खणणाऱ्या मुलाला जे कळते तेच इथे लागू पडते: खड्डा खोल होत जातो तशा कडा ढासळतात आणि पुढच्या लाटेला तो पुन्हा भरतो. खोल केलेला मार्ग म्हणूनच एकदा खणून सुटत नाही. तो टिकवण्यासाठी गाळ पुन्हा पुन्हा उपसावा लागतो आणि उपसलेला गाळ कुठेतरी टाकावा लागतो. कुठे, हा प्रश्न मच्छीमार पहिल्यांदा विचारतात आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. गढूळ पाण्यात उजेड खोलवर पोहोचत नाही, आणि तिसऱ्या, खुबे, शिणाणे यांसारखे शिंपल्यांचे जीव पाणी गाळूनच जगत असल्यामुळे त्यांच्या अंगात तो गाळ शिरतो. शिवाय मोठ्या जहाजांच्या वाटेवर जाळे टाकता येत नाही. ज्याची होडी लहान आहे आणि ज्याला किनाऱ्याजवळच मासेमारी करावी लागते, त्याच्यासाठी ती वाट बंद होणे म्हणजे शेताच्या मधोमध कुंपण येणे होय.

बंदराला लाटांपासून आडोसा देण्यासाठी समुद्रात दगडी बांध घातला, तर आणखी एक गोष्ट घडते. किनाऱ्यावरची वाळू स्थिर नसते, ती लाटांबरोबर किनाऱ्याच्या कडेने सरकत असते. पाटाच्या पाण्यात आडवा दगड ठेवला की एका बाजूला गाळ साचतो आणि दुसरी बाजू खरवडली जाते, तसेच समुद्रबांधाने होते. एका गावचा किनारा रुंदावतो आणि शेजारच्या गावचे माड कोसळू लागतात. नदीमुखाच्या आतही पाण्याचा स्वभाव बदलू शकतो. गोव्याची खाजन शेती बांध आणि मानशी (बांधातली पाण्याची दारे) यांच्या आधाराने खाऱ्या पाण्याला थोपवून उभी आहे, आणि बार्जांच्या लाटांनी बांध कसे झिजतात हे मांडवी-जुवारीच्या काठच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

धूळ: दिसते ती आणि दिसत नाही ती

कोळसा हाताळला जातो तिथे खिडकीच्या गजांवर आणि तुळशीवृंदावनावर काळा थर बसतो, आणि तक्रारही बहुधा त्याच थराची होते. पण फडक्यावर उमटते ती धूळ जाड असते. तिचा बराचसा भाग नाकात अडतो. अधिक घातक ती धूळ, जिचे कण दहा मायक्रॉनपेक्षा आणि अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. हे कण छातीत खोलवर पोहोचतात. भारतात २००९ सालच्या मानकांनुसार चोवीस तासांच्या सरासरीत दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची मर्यादा दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ६० आहे.

आता इथे एक बारकावा आहे. प्रकल्पाचा अहवाल ‘सध्याची हवा अशी आहे आणि प्रकल्पानंतर ती इतकी बदलेल’ असे सांगतो, तेव्हा ‘सध्याची’ म्हणजे कोणत्या महिन्यातली आणि कोणत्या जागेवरची, हे पाहिले पाहिजे. असे मोजमाप बहुतेक वेळा पावसाळा वगळून एकाच हंगामात केले जाते. आपल्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वारे वाहतात. मापनयंत्र ढिगाऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला ठेवले तर हवा स्वच्छ दिसेल आणि पलीकडच्या वाड्यात ठेवले तर आकडा वेगळा येईल. यंत्र कुठे ठेवले होते, तिथून शाळा किती दूर आहे, वारा त्या दिवसांत कोणत्या दिशेचा होता, हे तीन प्रश्न सभागृह दणाणून सोडणाऱ्या घोषणेपेक्षा प्रकल्पकर्त्याला अधिक अडचणीचे ठरतात.

परवानगी कोण देतो?

भारतात बंदरांचे ‘मोठी’ आणि ‘लहान’ असे दोन वर्ग आहेत, पण ते आकारावरून ठरत नाहीत. ‘मोठे’ म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतले. मुरगाव तसे आहे. पणजी, तेरेखोल, शापोरा, बेतूल आणि तळपण ही राज्याच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडची लहान बंदरे आहेत. हा फरक रहिवाशासाठी फार महत्त्वाचा आहे. २०२१ च्या मोठ्या बंदरांच्या कायद्यानुसार, बंदराच्या हद्दीसाठी बंदर प्राधिकरणाने केलेला बृहत् आराखडा राज्याच्या किंवा स्थानिक संस्थेच्या नियमांपासून स्वतंत्र असतो आणि दोहोंत विरोध आल्यास बंदराचा आराखडा वरचढ ठरतो. पंचायतीने किंवा पालिकेने बांधकाम परवाना नाकारला की काम थांबते, हा आपला नेहमीचा समज त्या हद्दीत लंगडा पडतो. हद्द कुठून कुठपर्यंत आहे हे नकाशावर पाहणे म्हणून आवश्यक आहे.

दुसरा समज किनारी नियमन क्षेत्राचा. भरतीरेषेजवळच्या घराची पडवी वाढवतानाही ज्याला हेलपाटे घालावे लागले, त्याला वाटते की एवढे मोठे बंदर तिथे होऊच शकणार नाही. परंतु ज्या बांधकामाचे समुद्राशिवाय चालतच नाही, अशा कामांना ते नियम परवानगीयोग्य मानतात, आणि बंदर त्यांत मोडते. नियमाने अडवले जाईल या भरवशावर कोणी स्वस्थ बसू नये.

मुख्य परवानगी असते ती पर्यावरणीय मंजुरी. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वर्षाला ५० लाख टन किंवा अधिक माल हाताळणाऱ्या बंदराचा निर्णय केंद्रीय मंत्रालय तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून घेते. आधी समिती अहवालाची कार्यकक्षा ठरवते, म्हणजे प्रकल्पकर्त्याने कोणकोणत्या गोष्टी तपासायच्या त्यांची यादी देते. मग अहवालाचा मसुदा तयार होतो, त्यावर जनसुनावणी होते, तिथल्या आक्षेपांना उत्तरे देऊन अहवाल पुरा करावा लागतो आणि त्यानंतर समिती त्याची छाननी करते. लोकांना सारे सुनावणीच्या टप्प्यावर कळते. कार्यकक्षा मात्र मंत्रालयाच्या परिवेश या संकेतस्थळावर आधीच आलेली असते. जी गोष्ट तपासायच्या यादीतच नव्हती, ती अहवालात नाही म्हणून नंतर भांडणे कठीण जाते.

जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे

सुनावणीला दोन हजार लोक आले आणि सगळ्यांनी हात वर करून ‘नको’ म्हटले, तर प्रकल्प आपोआप रद्द होतो का? होत नाही. आणि दहाच माणसे आली तर सुनावणी अपुरी ठरते का? तीही ठरत नाही, कारण गणसंख्येची अटच नाही. अधिसूचनेत मतमोजणीची तरतूद नाही. तिथे फक्त नोंद होते.

आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीवर, नाव चढवतानाची हरकत घ्यावी. मामलेदार कार्यालय नोटीस काढते, ठरलेल्या मुदतीत हरकत आली तर ती ऐकावी लागते, आणि न आल्यास नोंद पुढे सरकते. ‘सगळ्या गावाला ठाऊक आहे की जमीन आमची’ हे वाक्य तिथे पुरेसे नसते. जनसुनावणीचेही तसेच आहे. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाहून खालचा नसलेला अधिकारी तिचे संचालन करतो, सगळ्याचे चित्रीकरण होते, आणि इतिवृत्त त्याच ठिकाणी स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. ज्यांना उभे राहून बोलणे जमत नाही त्यांना लेखी म्हणणे देता येते.

या नोंदीचे मोल किती असते ते वास्कोनेच दाखवून दिले आहे. मुरगावच्या प्रवेशमार्गाच्या ड्रेजिंगला जनसुनावणीतून सूट देऊन पर्यावरणीय मंजुरी दिली गेली होती. होडीमालक मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेने तिला आव्हान दिले आणि २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील पीठाने, लोकांना ऐकून न घेतल्याच्या कारणावरून, ती मंजुरी रद्द ठरवली. पुढे २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये बंदराच्या तीन प्रकल्पांसाठी वास्कोत जनसुनावणी झाली, आणि बोलणाऱ्यांची रीघ एवढी होती की ती काही दिवस चालली. मच्छीमार, शिक्षक, डॉक्टर, गृहिणी असे सगळे तिथे उभे राहून बोलले. त्या सुनावणीकडे मी आदराने पाहतो.

मग रहिवाशांनी एकत्र येऊन करायचे काय?

मोर्चा काढावा, पण त्याआधी अहवाल वाचणारी माणसे जमवावीत. पूर्ण अहवाल इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो. स्थानिक भाषेत मिळतो तो फक्त सारांश. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, तरी तो सारांश वाचून बांधावरच्या माणसाला आपल्या बांधाचे काय होणार हे कळेल अशी भाषा क्वचितच आढळते. म्हणून वाड्यातल्या शिकलेल्या मुलांनी प्रकरणे वाटून घ्यावीत. एकाने हवा, एकाने पाणी आणि मासळी, एकाने रस्ता-रेल्वे घ्यावी, आणि आपापल्या भागातले दावे वडीलधाऱ्यांना आपल्या बोलीत समजावून सांगावेत. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, तसेच जिल्हा पंचायत किंवा पालिकेत पाहायला मिळतो. जे कागद मिळत नाहीत त्यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे.

पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अहवालात ‘या भागात मासेमारी नगण्य आहे’ असे वाक्य आले, तर त्याला ‘हे खोटे आहे’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही. किती होड्या कोणत्या महिन्यांत कुठे जातात, रापण कुठे ओढतात, शिंपल्या वेचणाऱ्या बायका कोणत्या ओहोटीला कोणत्या खडकावर उतरतात, हे नकाशावर खुणा करून, तारखांसह, स्वतःच्या सहीने द्यावे लागते. हे ज्ञान तज्ज्ञ समितीतल्या कोणाकडे नाही, ते वाड्यातच आहे. शेतकऱ्याने मानशीजवळच्या पाण्याची पातळी सांगावी आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या खोकल्यामुळे पडणाऱ्या गैरहजेरीचा तक्ता जोडावा. ग्रामसभेचा ठराव अवश्य घ्यावा, मात्र त्यात कारणे लिहावीत. नुसत्या विरोधाला उत्तर द्यावे लागत नाही, कारणाला द्यावे लागते.

साखळीच्या दुसऱ्या टोकाशीही हात जोडलेले असावेत. धक्का, प्रवेशमार्ग, रेल्वेचे दुपदरीकरण, महामार्ग हे सारे वेगवेगळे प्रकल्प म्हणून वेगवेगळ्या टेबलांवर जातात. २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी, कुंभारजुवे, शापोरा, म्हापसा आणि साळ या सहा जलवाटा राष्ट्रीय जलमार्ग झाल्या, तेही वेगळेच टेबल. प्रत्येक तुकडा एकटा पाहिला तर सोसण्याजोगा वाटतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये चांदरच्या रेल्वे फाटकावर रात्री जमलेल्या लोकांनी कोळसा आणि दुपदरीकरण यांचा संबंध मोठ्याने जोडून दाखवला. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

‘बंदर तर तुमच्या आधीपासून आहे’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे. मुरगावचे बंदर आणि त्याची रेल्वे १८८० च्या दशकातली आहे, आणि वास्को शहर बंदरामुळेच वाढले. पण शेजारच्या घरात पूर्वीपासून पिठाची गिरणी होती म्हणून तिथे उद्या दगड फोडण्याचा क्रशर बसवण्याला आपण बांधील होत नाही. मालाचा प्रकार बदलला, जहाजाचा आकार बदलला आणि दिवसाचे टन बदलले की तो शेजार नव्याने तोलावा लागतो, आणि कायद्यातही मर्यादेपलीकडच्या विस्ताराला नवी मंजुरी लागते.

‘रोजगार नको का?’

रोजगार हवा, आणि बंदरावर पोट असलेली कुटुंबे आपलीच आहेत. त्यांना शत्रू ठरवणारे आंदोलन दुबळे होते. प्रश्न इतकाच की नोकऱ्या किती, कायम किती आणि कोणत्या शिक्षणाच्या. कोळसा आणि खनिजाचे आधुनिक धक्के यंत्रांवर चालतात, आणि जिथे पूर्वी कामगारांची टोळी लागे तिथे आता पट्टा आणि एक चालक पुरतो. समोरच्या पानात मासेमारी, मासळी विकणाऱ्या बायका, जाळी विणणारे, बर्फाचे कारखाने आणि किनाऱ्यावरचे पर्यटन यांवरची माणसे मोजली आहेत का, हे पाहावे. बहुतेक वेळा मिळणाऱ्या नोकऱ्यांचा आकडा दिलेला असतो आणि जाणाऱ्यांचा नसतो.

‘झाकलेले पट्टे असतील, पाणी फवारले जाईल’

ही साधने उपयोगी आहेत आणि ती मागावीतच. पण ती अटी म्हणून लिहून घ्यावी लागतात: ढीग उघड्यावर ठेवणार नाही, वाघिणी झाकल्याशिवाय सुटणार नाहीत, फवाऱ्याचे पाणी पालिकेच्या नळाचे नसेल, काळे पाणी खाडीत सोडले जाणार नाही. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीशेजारी रोज किती घनमीटर पाणी कोळशावर शिंपणार, हे विचारण्याचा तिला हक्क आहे.

‘शेवटी दिल्लीत ठरते, मग एवढा खटाटोप कशाला?’

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातल्या वाढवणचे उदाहरण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवते. तिथल्या बंदराचा प्रस्ताव १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. लोकांचा विरोध असूनही बंदर मंजूर झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. मधल्या पंचवीस वर्षांत मात्र एक पिढी त्या किनाऱ्यावर मासेमारी करून जगली आणि मुले शिकवून मोठी झाली, हेही तितकेच खरे आहे.

मंजुरी मिळाली तरी हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. या मुदतीत वकील शोधण्यापासून सुरुवात करावी लागली तर उशीर होतो, म्हणून सुनावणीतील लेखी हरकतींच्या पोचपावत्या, चित्रीकरणाची प्रत आणि इतिवृत्त आधीच एका फाइलमध्ये असावे. प्रकल्प सुरू झाल्यावरही ती फाइल बंद करायची नसते. मंजुरीच्या अटी पाळल्या जात आहेत की नाहीत, याचा अहवाल प्रकल्पकर्त्याने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. तो मागवून त्यातले हवेचे आकडे आणि आपल्या वाड्याने त्याच महिन्यांत ठेवलेली वही शेजारी शेजारी ठेवून वाचावी, आणि तफावत दिसली तर त्याच आठवड्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या टपाल विभागात अर्ज देऊन शिक्का घ्यावा.